पफिंग बिली : अठ्ठेचाळीस वर्षे कोळसा ओढणारे इंजिन

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये एक काळपट, बेढब यंत्र उभे आहे. लाकडी चौकटीवर आडवे ठेवलेले लोखंडी पिंप, एका टोकाला उंच धुराडे, बाजूंना उभे सिलिंडर आणि डोक्यावर टोळाच्या मागच्या पायांसारखे दिसणारे लांब दांडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे आगगाडीचे इंजिन आहे, असे चटकन वाटतही नाही. त्याचे नाव ‘पफिंग बिली’. आजवर टिकून राहिलेले जगातील सर्वांत जुने रेल्वे इंजिन म्हणून ते ओळखले जाते.

हे इंजिन १८१३-१४ च्या सुमारास रुळांवर आले, तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. चार-पाच वर्षांत पेशवाई बुडाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली, त्या दिवशीही हे म्हातारे यंत्र इंग्लंडच्या उत्तरेकडे एका खाणीचा कोळसा ओढतच होते. १८६२ मध्ये ते अखेर थांबले, तेव्हा इकडे बोरघाट फोडून लोहमार्ग वर नेण्याचे काम संपत आले होते.

रेल्वेचा इतिहास बहुधा ‘पहिले कोण’ या प्रश्नाभोवती फिरतो. त्या हिशेबात पफिंग बिलीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. रुळांवरून धावणारे वाफेचे इंजिन त्याच्या दहा वर्षे आधी वेल्समध्ये चालून गेले होते. रोजच्या धंद्यासाठी इंजिने वापरण्याचा मान लीड्सजवळच्या मिडलटन खाणीला १८१२ मध्येच मिळाला होता. प्रवासी वाहून नेणे तर बिलीच्या नशिबी कधी नव्हतेच. मग त्याचे मोल कशात? ते टिकले, यात. आणि ते का टिकले, हा प्रश्न त्याच्या जन्मकथेइतकाच विचार करण्याजोगा आहे.

खाण, नदी आणि घोडे

न्यूकॅसल शहराच्या पश्चिमेला, टाइन नदीच्या काठी विलम नावाचे गाव आहे. गावात कोळशाची खाण होती आणि तिचा मालक होता ख्रिस्तोफर ब्लॅकेट. कोळसा भरपूर होता, अडचण होती ती वाहतुकीची. न्यूकॅसलच्या पुलाच्या कमानी ठेंगण्या असल्याने समुद्रावरची जहाजे त्यापलीकडे वर येऊ शकत नसत. त्यामुळे विलमचा कोळसा आधी सुमारे पाच मैलांवरच्या लेमिंग्टन येथील धक्क्यापर्यंत न्यावा लागे. तेथे तो ‘कील’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांत भरला जाई आणि त्या होड्या पुलाखालून निघून नदीच्या मुखापाशी उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत तो पोहोचवत.

विलम ते लेमिंग्टन या पाच मैलांसाठी अठराव्या शतकाच्या मध्यापासून लाकडी रुळांची वाट होती. तिच्यावरून वाघिणी घोडे ओढत. रुळांची कल्पना अशा रीतीने वाफेच्या इंजिनापेक्षा कितीतरी जुनी आहे. ‘रेल्वे’ आधी आली, इंजिन मागाहून आले. ही गोष्ट लक्षात घेतली की पुढची सगळी हकिकत सोपी होते.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे घोडे महागले, त्यांचा दाणागोटा महागला. सैन्याला घोडे हवे होते आणि धान्याचे भाव चढले होते. खाणमालकाच्या पायाशी मात्र कोळशाचा ढीग पडलेला, तोही जवळजवळ फुकटात. घोड्याला दाणा चारण्याऐवजी यंत्राला कोळसा चारता येईल काय, हा प्रश्न ब्लॅकेटला पडला तो विज्ञानाच्या ओढीने पडला असेल किंवा नसेल, पण हिशेबाच्या वहीतून तो पडलाच असणार.

फसलेला पहिला डाव

कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनीडॅरन येथे आपल्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसे ओढून दाखवली. हे ब्लॅकेटच्या कानावर गेले. त्याने आपल्या खाणीसाठी तसेच इंजिन मागवले आणि ट्रेव्हिथिकच्या आराखड्यावरून ते न्यूकॅसलसमोरच्या गेट्सहेड येथे तयारही झाले. १८०५ मध्ये त्याची चाचणी झाली. इंजिन चालले, परंतु विलमच्या लाकडी रुळांना त्याचा भार पेलण्यासारखा नव्हता. ब्लॅकेटने ते घेतले नाही. पुढे ते एका ओतकामाच्या कारखान्यात एका जागी बसवलेले यंत्र म्हणून वापरले गेले.

ब्लॅकेटने मात्र नाद सोडला नाही. १८०८ च्या सुमारास त्याने लाकडी रूळ काढून ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या पट्ट्या बसवल्या आणि पुन्हा ट्रेव्हिथिककडे विचारणा केली. ट्रेव्हिथिक तोवर इतर उद्योगांत गुंतला होता. त्याने नकार दिला. आता जे काही करायचे ते विलमच्या माणसांनाच करणे भाग होते.

चाक घसरेल काय?

त्या काळी या प्रश्नाने पुष्कळांना पछाडले होते. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर फिरवले, तर ते जागच्या जागी गरगरेल की मागच्या वाघिणींसह पुढे जाईल?

लोकप्रिय पुस्तकांत या प्रसंगाचे वर्णन असे येते, की जणू साऱ्या जगाला चाक घसरणार याची खात्री होती आणि एका हुशार माणसाने तो भ्रम दूर केला. वस्तुस्थिती इतकी भाबडी नव्हती. गुळगुळीत चाक पकड घेते, हे ट्रेव्हिथिकने आधीच दाखवून दिले होते. खरा पेच निराळाच होता. पकड वाढवायची तर इंजिन जड हवे, आणि जड इंजिनाखाली ठिसूळ बिडाचे रूळ मोडतात. रूळ वाचवायचे तर इंजिन हलके हवे, आणि हलक्या इंजिनाची पकड पुरेशी भार ओढण्याजोगी राहील याची शाश्वती नव्हती.

या पेचातून सुटण्यासाठी निरनिराळ्या लोकांनी काढलेल्या युक्त्या पाहिल्या की गंमत वाटते. मिडलटनच्या जॉन ब्लेंकिन्सॉपने रुळाच्या बाजूला दाते बसवले आणि इंजिनाला दातेरी चाक दिले, त्यामुळे घसरण्याचा प्रश्नच मिटला. विल्यम चॅपमनने वाटेवर साखळी अंथरून इंजिनाने ती धरत धरत पुढे सरकावे अशी योजना केली. विल्यम ब्रंटनने तर इंजिनाला मागे दोन पायच लावले! घोड्यासारखे जमिनीला रेटा देत चालणारे हे यंत्र काही काळ खरोखर चालले. पुढे १८१५ मध्ये त्याच्या बॉयलरचा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली.

विलमच्या खाणीचा देखरेख अधिकारी विल्यम हेडली याने मात्र आधी मोजून पाहायचे ठरवले. हेडलीचा जन्म १७७९ मधला, जवळच्याच न्यूबर्न गावचा. १८१२ मध्ये त्याने एक चौचाकी गाडा तयार करवला. गाड्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून हाताने दांडे फिरवीत आणि दातेरी चक्रांमार्फत ती ताकद गाड्याच्या चाकांना मिळे. गाड्यावर कमीअधिक वजन ठेवायचे, मागे वाघिणी जोडायच्या आणि चाके कोठे घसरू लागतात ते पाहायचे, असा हा प्रयोग होता. वाफेचा त्यात संबंधच नव्हता. इंजिन बांधण्याआधी इंजिनाच्या चाकांची परीक्षा घेण्याची ही पद्धत आज साधी वाटते, परंतु दाते, साखळ्या आणि पाय यांच्या गर्दीत तिचे शहाणपण उठून दिसते.

निष्कर्ष अनुकूल निघाला. गाड्याच्या स्वतःच्या वजनाने मिळणारी पकड वाघिणींची रांग ओढायला पुरेशी होती. १३ मार्च १८१३ रोजी हेडलीने पेटंट मिळवले.

बिलीचा देह

विलममध्ये बांधलेले पहिले इंजिन एकाच सिलिंडरचे होते. ते मनाजोगे चालले नाही, त्याला वाफ पुरत नसे. त्यातून धडा घेऊन पुढची इंजिने तयार झाली. त्यांपैकी एक पफिंग बिली, दुसरे त्याचे जुळे भावंड विलम डिली. या कामात हेडलीबरोबर खाणीचा यंत्रकारागीर जोनाथन फॉर्स्टर आणि लोहारशाळेचा प्रमुख टिमथी हॅकवर्थ होते. श्रेय कोणाचे किती, यावर पुढे बरीच भांडणे झाली. पण एवढे निश्चित, की हे इंजिन एखाद्या नामांकित कारखान्यात जन्मले नाही. खाणीतल्या माणसांनी खाणीच्या गरजेसाठी ते उभे केले.

त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. बॉयलरच्या पोटातून जाणारी आगीची नळी एका टोकाला सुरू होते, दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि तेथून वळून पुन्हा पहिल्या टोकाला येते. त्यामुळे भट्टीचे तोंड आणि धुराडे एकाच बाजूला आहेत. उष्ण वायूंना पाण्यातून दुप्पट अंतर कापावे लागते, म्हणून त्यांच्यातली उष्णता अधिक वसूल होते. परिणामी कोळसा टाकणारा फायरमन धुराड्याच्या बाजूला उभा राही, तर इंजिन हाकणारा दुसऱ्या टोकाला. दोघांच्या मध्ये अख्खा बॉयलर. एकमेकांशी बोलायचे तर ओरडूनच बोलावे लागत असणार.

दोन उभे सिलिंडर, प्रत्येकी ९ इंच व्यासाचे. त्यांतला दट्ट्या ३६ इंच वरखाली होई. दट्ट्या वरच्या लांब तुळईला हलवी, तुळईवरून खाली आलेला दांडा चौकटीखालचा दंडभुजासारखा आस फिरवी आणि तेथून दातेरी चक्रे ती गती चाकांपर्यंत पोहोचवीत. सर्व चाके अशा रीतीने एकमेकांशी जोडलेली असल्याने एक चाक घसरू लागले तरी इतरांची पकड कामी येई. बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे ५० पौंड, वजन सव्वाआठ टन, वेग ताशी चार-पाच मैल. म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाहून किंचित अधिक. पण त्याच्या मागे कोळशाने भरलेल्या आठ वाघिणी असत, आणि दाणागोटा लागत नसे.

सिलिंडरातून वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडली जाई, तेव्हा मोठा आवाज होई. ‘पफिंग’ हे विशेषण त्या धापा टाकण्यावरूनच आले. आवाज आटोक्यात ठेवण्यासाठी वाफ आधी एका बंद पेटीत नेऊन मग धुराड्यात सोडण्याची सोय करण्यात आली. गोंगाट कमी करण्याचा हा उपाय रेल्वेच्या अगदी बाल्यावस्थेतला आहे, हे विशेष.

मोडणारे रूळ, बदलणारी चाके

चाक घसरत नाही हे सिद्ध झाले, तरी जुन्या पेचाचा दुसरा अर्धा भाग शिल्लकच होता. सव्वाआठ टनांच्या बोज्याखाली बिडाच्या पट्ट्या पटापट तडकू लागल्या. बीड दाब सोसते, वाकणे सोसत नाही. जड चाक दोन आधारांच्या मधोमध आले, की पट्टी मोडते.

रूळ बदलणे खर्चाचे होते, इंजिन बदलणे त्या मानाने स्वस्त. म्हणून १८१५ च्या सुमारास बिलीची चार चाके काढून आठ चाके बसवण्यात आली. तोच भार आठ ठिकाणी विभागला गेल्यावर रूळ तग धरू लागले. बिलीची जुनी चित्रे पाहताना कोठे चार चाके दिसतात, कोठे आठ. त्याचे कारण हेच.

दरम्यान रुळांचे शास्त्र पुढे सरकत होते. विलमच्याच परगण्यात, बेडलिंग्टनच्या लोखंड कारखान्यातील जॉन बर्किनशॉने १८२० मध्ये घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटून काढण्याचे पेटंट घेतले. घडीव लोखंड वाकते, पण बिडासारखे तडकत नाही. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांचा जेवढा गाजावाजा झाला, तेवढा या रुळांचा कधी झाला नाही. वस्तुतः त्यांच्यावाचून पुढची वेगवान इंजिने चार पावलेही चालू शकली नसती. १८३० च्या सुमारास विलमची वाट नव्या धर्तीच्या मजबूत रुळांनी बांधून काढली गेली, आणि आठ चाकांची गरज संपली. बिली पुन्हा चार चाकांवर आले. या वेळी चाकांना आतल्या बाजूने कडा होत्या, आजच्या आगगाडीला असतात तशा.

नदीवर उतरलेले इंजिन

१८२२ मध्ये टाइन नदीवरच्या कील होड्यांच्या नावाड्यांनी संप केला. त्यांची तक्रार नीट ऐकण्यासारखी होती. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या खाणी आता धक्क्यावरून थेट जहाजात कोळसा ओतू लागल्या होत्या, आणि नावाड्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या कामाला गळती लागली होती. संप दहा आठवडे चालला. ‘लाँग स्टॉप’ या नावाने तो त्या भागात ओळखला जातो. तो मोडून काढण्यासाठी सैन्य आणि नौदलही आणण्यात आले.

विलमचा कोळसा लेमिंग्टनच्या धक्क्यावर अडकला. तेव्हा हेडलीने विलम डिली हे इंजिन रुळांवरून उचलून एका होडीवर चढवले, त्याला पाणी कापणारी चाके जोडली आणि त्याच्या जोरावर कोळशाच्या होड्या नदीतून ओढून नेल्या. रुळांवरचे इंजिन पाण्यात चालवण्याची ही करामत अभियांत्रिकीच्या पुस्तकांत कौतुकाने सांगितली जाते. नावाड्यांच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ वेगळा होतो. ज्या यंत्राने आधी घोडे आणि त्यांचे हाकणारे दूर सारले होते, तेच आता त्यांच्या नदीवर येऊन उभे राहिले होते. संप अखेर फसला. डिली पुन्हा रुळांवर गेले.

जुने का टिकले

१८२९ मध्ये रेनहिल येथे इंजिनांची प्रसिद्ध शर्यत झाली आणि जॉर्ज व रॉबर्ट स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ जिंकले. हॅकवर्थ तोवर विलम सोडून गेला होता. रविवारी काम करण्यास त्याच्या धर्मश्रद्धेचा विरोध होता. रेनहिलला त्याचे ‘सां पारेय’ हे इंजिनही उतरले होते. रॉकेटच्या बॉयलरमध्ये एका जाड नळीऐवजी पुष्कळ बारीक नळ्या होत्या आणि दट्ट्याची ताकद थेट चाकाला मिळत होती. त्या दिवसापासून बिलीच्या तुळया आणि दातेरी चक्रे कालबाह्य ठरली.

येथे इतिहासाची एक मजा आहे. रॉकेट ज्या मार्गासाठी बांधले गेले, तो लिव्हरपूल-मँचेस्टरचा मार्ग इतक्या झपाट्याने वाढला, की काही वर्षांतच त्याला रॉकेट अपुरे पडू लागले. १८३६ मध्ये ते विकले गेले आणि १८४० च्या सुमारास त्याची सेवा संपली. सगळी मिळून दहा-अकरा वर्षे. पफिंग बिली मात्र त्यानंतरही वीसेक वर्षे चालू होते.

त्याचे श्रेय बिलीच्या गुणवत्तेला द्यावे काय? थोडेसे द्यावे, पण मुख्य कारण विलमच्या लहानपणात आहे. पाच मैलांची वाट, ठरलेला माल, एकच मालक. तेथे वेग वाढवण्याची घाई नव्हती, प्रवासी नव्हते, स्पर्धक कंपन्या नव्हत्या. कोळसा धक्क्यावर पोहोचला की काम झाले. लोहार हाताशी असल्याने मोडतोड झाली की जागच्या जागी दुरुस्ती व्हायची. मोठ्या रेल्वे कंपन्या जुनी इंजिने मोडीत काढून त्यांचे लोखंड विकत असताना एका आडगावच्या खाणीला आपले जुने इंजिन बदलण्याचे कारणच पडले नाही. बिलीच्या काळातील प्रगत, महागडी, नावाजलेली कितीतरी यंत्रे नाहीशी झाली. हे कामापुरते बरे यंत्र राहून गेले.

श्रेयाचा वाद आणि संग्रहालय

जॉर्ज स्टीफन्सन हाही विलमचाच. १७८१ मध्ये ज्या घरात त्याचा जन्म झाला, ते घर या खाणीच्या वाटेला लागूनच होते. १८१४ मध्ये त्याने किलिंगवर्थच्या खाणीसाठी आपले पहिले इंजिन ‘ब्लूखर’ बांधले, म्हणजे बिलीच्या पाठोपाठ. १८४८ मध्ये तो वारला, आणि १८५७ मध्ये सॅम्युएल स्माइल्सने लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध होऊन अतोनात खपले. गरिबीतून वर आलेल्या एका माणसाने जगाला रेल्वे दिली, ही कथा घरोघर पोहोचली.

हेडली १८४३ मध्येच वारला होता. त्याच्या मुलाला, ओस्वाल्ड डॉड हेडलीला, ही कथा सोसवेना. त्याने १८५८ मध्ये इंजिनाचा शोध नेमका कोणी लावला असा प्रश्न मथळ्यातच विचारणारे पुस्तक छापून वडिलांची बाजू मांडली. उत्तरही एकांगीच होते, हे खरे. ट्रेव्हिथिक, मिडलटनचे लोक, फॉर्स्टर, हॅकवर्थ, हेडली, स्टीफन्सन या सर्वांचा हात ज्या यंत्राला लागला, त्याचा एकच बाप शोधण्याचा खटाटोप दोन्ही पुस्तकांनी केला. तथापि या वादाने एक गोष्ट साधली असावी. विलमच्या खाणीत अजून धापा टाकणारे ते जुने धूड म्हणजे नुसते यंत्र नसून पुरावा आहे, हे लोकांना कळू लागले.

ते अचूक ओळखणारा माणूस लंडनमध्ये होता. पेटंट कार्यालयातील बेनेट वुडक्रॉफ्टने शोधांचे कागद जपता जपता प्रत्यक्ष यंत्रे जमवण्याचा ध्यास घेतला होता. १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे पेटंट कार्यालयाचे संग्रहालय उघडले. ज्या पत्र्याच्या लोखंडी इमारतीत ते होते, तिला लोक थट्टेने ‘ब्रॉम्प्टनचे बॉयलर’ म्हणत! यंत्रांच्या संग्रहालयाला याहून समर्पक टोपणनाव शोधूनही सापडले नसते.

१८६२ मध्ये खाणीचा तत्कालीन मालक एडवर्ड ब्लॅकेट याने पफिंग बिली या संग्रहालयाला उसने दिले, आणि नंतर २०० पौंडांना विकले. त्याच वर्षी रॉकेटही वुडक्रॉफ्टकडे आले. एक जगप्रसिद्ध आणि एक जवळजवळ अनोळखी अशी ही दोन्ही इंजिने एकाच छपराखाली उभी राहिली. तो काळ लक्षात घ्यावा. जुने किल्ले, मंदिरे, मूर्ती जपाव्यात हा विचार तेव्हा युरोपात रुजत होता. काजळीने माखलेले खाणीतले यंत्रही त्याच मानाने जपावे, असे वाटणारी माणसे मोजकीच होती. पुढे हा संग्रह साउथ केन्सिंग्टनच्या मोठ्या संग्रहालयात सामील झाला आणि त्यातूनच आजचे सायन्स म्युझियम घडले. विलम डिली १८८० च्या दशकात एडिंबरोच्या संग्रहालयात पोहोचले, तेथे ते आजही आहे.

काचेआडचे इंजिन खरे किती?

संग्रहालयात उभे असलेले बिली हे १८१३-१४ चे बिली आहे काय? चार चाकांवरून आठ, आठांवरून पुन्हा चार, शिवाय अर्ध्या शतकाची डागडुजी. आज दिसणारी कडांची चाके १८३० च्या फेरबांधणीची आहेत. ज्या रुळांसाठी ते मुळात बांधले होते, त्या रुळांवर ही चाके चाललीच नसती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे निराश होण्याचे कारण नाही. एखाद्या जुन्या वाड्याला पिढ्यापिढ्यांनी ओसरी जोडलेली, दार बदललेले असते, आणि त्या बदलांतूनच वाड्याचा इतिहास वाचता येतो. बिलीच्या चाकांत रुळांचा इतिहास लिहिलेला आहे. कामातून निवृत्त झाल्यावर त्याला ‘मूळ रूप’ देण्यासाठी कोणी पुन्हा जुन्या धर्तीची चाके बसवली असती, तर नेमका तोच पुरावा पुसला गेला असता.

मग त्याला पुन्हा वाफेवर चालवावे काय? जुन्या बॉयलरमध्ये दाब भरायचा, तर आजच्या सुरक्षिततेसाठी त्याचा बराच भाग बदलावा लागेल, म्हणजे यंत्र चालेल पण पुरावा जाईल. म्हणून मार्ग काढला गेला तो प्रतिकृतींचा. १९०६ मध्ये म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमसाठी बव्हेरियाच्या रेल्वे कार्यशाळेने बिलीची प्रतिकृती तयार केली. त्यानंतर शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, इंग्लंडमधील बीमिश येथील खुल्या संग्रहालयाने आणखी एक चालती प्रतिकृती बांधली. तेथे ती रुळांवर धावते आणि प्रवाशांना बसवून फिरवतेही. मूळ बिलीला जे कधी करावे लागले नाही, ते तिला करावे लागते.

विलममध्ये आज

बिली गेल्यानंतर सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, विलमची खाण बंद पडली. जुनी वाट काही काळ पडून राहिली. मग १८७० च्या दशकात तिच्याच रेषेवर रीतसर रेल्वेमार्ग टाकला गेला. तो १९६८ पर्यंत चालला. आता रूळ उखडलेले आहेत आणि त्या जागी पायवाट आहे. सायकलवाले तिच्यावरून न्यूकॅसलच्या दिशेने जातात. वाटेच्या कडेला स्टीफन्सनचे जन्मघर दगडी भिंतींसह उभे आहे आणि ते पाहायला लांबून लोक येतात. ज्या इंजिनाच्या धापा त्या घराच्या दारासमोरून जवळजवळ पन्नास वर्षे ऐकू येत होत्या, ते तेथून साडेचारशे किलोमीटर दूर, लंडनमध्ये आहे.